उपवासाचं शलगम

कंपनीत मला तोंडावर ‘साहेब’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘हिंग’. नवीन लागलेल्या पोरांना वाटतं, हे माझं आडनाव असावं. एकाने तर रजेच्या अर्जावर ‘माननीय हिंगे साहेब’ असं लिहून दिलं. मी मुकाट्याने रजा मंजूर केली. दुरुस्ती सांगायला गेलो असतो तर त्यामागचा इतिहास सांगावा लागला असता, आणि तो सांगायचा म्हणजे काकांपासून सुरुवात करावी लागते.

काका म्हणजे आमचे क्वालिटीचे मुख्य तपासनीस. नाशिकजवळ अंबडला आमचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, आणि तिथे आडनावं फक्त पगाराच्या स्लिपवर असतात. एरवी सगळे एकमेकांचे काका, मामा, मावशी. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं एकत्र कुटुंब! आहेच. भांडणंही त्याच दर्जाची आहेत.

काकांच्या शर्टाच्या खिशात तीन रंगांचे टॅग असायचे. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून पुन्हा दाखवा, लाल म्हणजे भंगार. आणि कमरेला, जुन्या काळचे सरदार कट्यार लावायचे तसा, जाडी मोजायचा व्हर्निअर. “मोजल्याशिवाय बोलू नये,” असं ते म्हणायचे, आणि मोजून झाल्यावर मात्र बोलायचे थांबायचे नाहीत. कॅन्टीनची पोळी मोजायचे. बिस्किटाची जाडी मोजायचे. माझ्या साखरपुड्याची अंगठी त्यांनी पाहुण्यांसमोर व्हर्निअरमध्ये धरली आणि सासरेबुवांना म्हणाले, “गोलाई जरा बिघडली आहे, पण चालेल.” सासरेबुवा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. चालेल की नाही, याचा त्यांचा विचार अंगठीपुरता नव्हता, हे मला दिसत होतं.

त्याच साखरपुड्यात त्यांनी मला आहेर दिला तो शलगमांचा. पाल्यासकट जुडी, वर चमकी कागद.

हो, शलगम. नाशिककराला द्राक्ष कळतं, कांदा कळतो, टोमॅटोच्या जातीही कळतात. पण शलगम म्हटलं की तो विचारात पडतो. आमच्याकडे ते मिळतं देवळाली कॅम्पच्या बाजारात, कारण तिथे फौजी कुटुंबं राहतात आणि पंजाब-हिमाचलच्या बायका थंडीत ते मागतात. काका कॅम्पातच राहायचे. ऑक्टोबर संपता संपता त्यांच्या स्कूटरच्या हुकला एक पिशवी लटकायला लागायची आणि होळीपर्यंत ती उतरायची नाही. पाथर्डी फाट्याच्या गर्दीत स्कूटर ओळखायची गरजच नसे. पिशवीतून हिरवा पाला बाहेर डोलताना दिसला की काका आले.

गेटवर त्या पिशवीचं मोठं नाटक व्हायचं. आत आलेला माल बाहेर जाताना पास लागतो, असा नियम. एकदा नव्या वॉचमनने उरलेली शलगमं अडवली. काकांनी शांतपणे गेटपास भरला. मालाचं वर्णन: शलगम. कारण: सहकाऱ्यांनी घेतलं नाही.

दहाच्या चहाला आम्ही सगळे पाव-वडा खायचो. काका डबा उघडून कच्च्या शलगमाच्या चकत्या, मीठ आणि लिंबू लावून, कुरुकुरू चावत बसायचे. चावता चावता व्याख्यान.

“वड्यात काय आहे? बटाटा, बेसन, तेल. इथे काय आहे? बहुतेक पाणी. पोट भरतं, साखर चढत नाही, ढेरी वाढत नाही. शिवाय क जीवनसत्त्व. पण घरोघर काय करतात? तासभर उकळतात आणि पाणी मोरीत ओततात. सगळं क जीवनसत्त्व गटाराला! गटाराला कधी सर्दी झालेली बघितलीस?”

“नाही काका.”

“मग!”

आणि पाला. पाला फेकणारा माणूस काकांच्या लेखी लाल टॅगचा. “कंद स्वस्तातला, खरा ऐवज पाल्यात. कॅल्शियम पाल्यात, लोह पाल्यात. लोक भांडं फेकून झाकण घरी नेतात.” चेंडूएवढं शलगम उत्तम, त्याहून मोठं झालं की आतून कापूस; कोवळं सालीसकट किसा, कोशिंबीर करा; जून असेल तर जाड सोला; मटणात घाला, रस्सा पितं आणि मटणापेक्षा चांगलं लागतं; लोणचं मोहरी फेसून करा. टाचेच्या भेगांवर उकडलेल्या शलगमाचा लेप लावा, हेही ते सांगायचे. टाचांचं मला माहीत नाही. मी एकदा लावला होता, मुंग्या लागल्या.

हे सगळं खूळ आलं कुठून, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मशीन बंद पडून दोघं रिकामे बसलो होतो म्हणून. लग्न होऊन नुकतेच कॅम्पात भाड्याने राहायला आले होते, तेव्हा त्यांना कावीळ झाली. बायको बाळंतपणाला माहेरी. शेजारी एका जवानाची बायको राहायची, पंजाबकडची. मराठी येत नव्हतं, यांचं हिंदी नाशिकचं. ती रोज भिंतीवरून एक वाटी द्यायची: मऊ शलगम, आलं, जरासा गूळ. हे बरे झाले, आणि एका सकाळी बघतात तर शेजारच्या दाराला कुलूप. पलटण हलली होती.

“वाटी माझ्याकडेच राहिली,” काका म्हणाले, आणि मग लगेच, “चल, बेअरिंग बघू.”

काकांच्या घरच्या काकूंना मी एकदा विचारलं, तुम्हाला आवडतं का हो हे? त्या म्हणाल्या, “मी ह्यांच्याशी लग्न केलंय. शलगमाशी नाही.” आणि काका हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांनी माझ्या ताटात बटाट्याची भाजी सरकवली.

आमच्या कॅन्टीनमध्ये भिंतीवर एक बोर्ड आहे. निळ्या रंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने आठवड्याचा मेनू. सोमवार मटकी, मंगळवार बटाटा, वगैरे. खाली वेगळी चौकट: उपवासाचे पदार्थ. कॅन्टीन कमिटीने मंजूर केल्याशिवाय त्या बोर्डावर कुणी ब्रश लावत नाही. कमिटीत काका, मामा आणि मी. मी सेक्रेटरी, कारण ज्या मीटिंगला निवड झाली तिला मी गेलो नव्हतो.

मामा ग्राइंडिंगवर होते. सिन्नरकडचे शेतकरी घर, गळ्यात माळ, सोमवार-एकादशी काटेकोर पाळणारे. कोणत्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही, याचा निकाल कंपनीत त्यांच्याकडून यायचा. काकांचं आणि त्यांचं शलगमावरून जुनं वैर. एका थंडीत काकांनी हट्टाने कॅन्टीनमध्ये शलगमाची कोशिंबीर करवली होती. पातेलं जसं गेलं तसं परत आलं. मामांनी ते गाडीवर टाकून घरी गाईला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, “काका, गाय लय खूश हाय. दूध बी वाढलं. तुमचं गिऱ्हाईक तीच हाय.”

काकांची नजर खाली आली. त्यांना ते लागलं होतं.

निवृत्तीचं वर्ष आलं. मार्चअखेर काका जाणार. निरोपाला काय द्यायचं, म्हणून मी विचारायला गेलो. घड्याळ, की सुटकेस?

“बोर्डावर एक ओळ द्या,” काका म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा. पण ते व्हर्निअर पुसत होते, आणि व्हर्निअर पुसताना ते चेष्टा करत नसत. “मी जन्मभर मालावर सही केली. माल ट्रकमध्ये बसतो आणि जातो. कुठल्या गाडीत लागला, कुणाला माहीत? बोर्ड कुठे जात नाही. शलगम, एवढंच लिहा. माझं नाव नको.”

मी मामांकडे गेलो. मामांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि अट घातली. “एक डाव करा. पातेलं रिकामं परत आलं तर लिहू बोर्डावर. नाय आलं, तर जाईपत्तोर शलगमाचं नाव काढायचं नाय. सांगा त्यांना.”

काकांनी दिवस निवडला महाशिवरात्रीचा. मी म्हटलं, काका, त्या दिवशी सगळी शिफ्ट उपवासाला! काकांचे डोळे चमकले. “म्हणूनच. त्या दिवशी बाहेरचा पाव-वडा कुणी खाणार नाही. भगर, दाण्याची आमटी आणि भाजी. बटाट्याच्या जागी शलगम. पळतील कुठे?”

पण त्यात एक पेच होता, आणि तो मामांनी बरोबर पकडला. शलगम उपवासाला चालतं का?

कुणालाच माहीत नव्हतं. बटाटा चालतो, रताळं चालतं, सुरण चालतो. कांदा नाही, मुळा नाही. शलगमाचा नियम कुणाच्याच घरात नव्हता, कारण शलगमच कुणाच्या घरात नव्हतं.

“मुळ्याचा भाऊ दिसतो हा,” मामा शलगम उलटंपालटं करत म्हणाले. “मुळा नाय चालत.”

“सख्खा नाही, चुलत,” काका म्हणाले. “चुलतभावाच्या गुन्ह्यासाठी ह्याला कशाला आत टाकता?”

शेवटी मामांनी गावाला त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, फोन लावला. मामांनाही कोडं पडलं की ते आक्कांना विचारतात. फोन स्पीकरवर. सगळी ग्राइंडिंग लाइन भोवती.

“आक्का, शलगम चालतं का उपासाला?”

“काय चालतं?”

“शलगम. कंद हाय. गोल.”

“मातीत येतं का येलीला?”

“मातीत.”

“रंग?”

“आतून पांढरं. वरून जांभळं.”

सगळे फोनवर वाकले.

“पांढरं चालतं,” आक्कांचा निकाल आला. “जांभळं सोलून टाका.”

काकांनी खिशातून हिरवा टॅग काढला आणि मामांच्या फोनच्या दोरीला अडकवला.

आता माझा प्रवेश.

महाशिवरात्रीच्या सकाळी सेक्रेटरी म्हणून मी कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथली मुख्य मावशी पेठ तालुक्यातली. हाताला चव अशी की साध्या आमटीला लोक वाटी पुढे करायचे. तिने तूप-जिऱ्यावर मिरची टाकून शलगमाच्या फोडी परतायला घेतल्या होत्या. शेजारी दाण्याचं कूट आणि सैंधव तयार. आणि फोडींना वाफ आली, तसा एक वास सुटला. कोबी शिजताना येतो तो, पण जरा जास्त आत्मविश्वासाने.

वासानेच लोक ताट सरकवतील. गाईला पुन्हा मेजवानी. काकांची मान पुन्हा खाली.

तेवढ्यात दारात गॅसची गाडी आली आणि मावशी सिलिंडर मोजून घ्यायला बाहेर गेली. मी एकटा. आणि मला आठवलं की माझी आई कोबीचा वास मारायला काय घालते. फळीवर डबी होती. आई चिमूट घालते. पण आई चार माणसांची भाजी करते, इथे सगळी शिफ्ट होती. मी प्रमाण वाढवलं. ढवळलं. वास दबला. इतका दबला की मीच स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

तुम्ही आत्ताच कपाळाला हात लावला असेल. मला मात्र तेव्हा काहीच सुचलं नाही. मी उपवास करत नाही. मी उपवासाचं खातो. ही दोन खाती वेगळी आहेत, हे त्या दिवशी कळलं.

जेवणाची शिट्टी झाली. काका रांगेत सगळ्यांच्या मागे. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. जन्मात कधी उपवास न केलेला माणूस. मी विचारलं तर म्हणाले, “उपवासाच्या मालाची तपासणी भरल्या पोटाने कशी करणार?”

मामांनी पहिला घास घेतला. सगळं कॅन्टीन त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी चावलं. थांबले. भगरीत भाजी कालवली, दुसरा घास घेतला. मग वाटी पुढे केली, “मावशे, अजून घाल.”

धरण फुटावं तशी रांग पुढे सरकली. पेंट शॉपवाले दुसऱ्यांदा आले. टूलरूमवाले तिसऱ्यांदा. काका भिंतीला टेकून बोर्डाकडे बघत होते, जागा कुठे आहे ते. मामा ओरडले, “काका, भाजी भारी झाली राव! मावशे, काय घातलं काय हिच्यात? चवच येगळी.”

मावशी म्हणाली, “म्या तर नेहमीचंच घातलं. तूप, जिरं, कूट.”

“नाय, नाय. काय तरी हाय.”

आता मी गप्प बसलो असतो तर आज मी नुसता ‘साहेब’ असतो. पण पातेलं रिकामं होत होतं, काका जिंकत होते, आणि या विजयात माझा वाटा कुणालाच दिसत नव्हता. मी बाकावरून उठलो, कॉलर नीट केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

“हिंग! माझी आयडिया!”

कारखान्यात मी प्रेस बंद पडलेला ऐकला आहे, वीज गेलेली ऐकली आहे. तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चमचे हवेत थांबले. टूलरूमच्या एकाच्या तोंडात घास होता. तो गिळावा की काढावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी मावशीच्या हातातला झारा खाली पडला.

“अरं देवा,” ती म्हणाली. “हिंगात पीठ असतंय!”

मामांनी ताट हळूच पुढे सरकवलं. “म्हंजी मोडला,” ते म्हणाले. “लहानपणापासून धरलेला.”

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी मला, कुणी शलगमाला. “हा येडा कंदच अपशकुनी!” असं मागून कुणीतरी ओरडलं आणि मला दिसलं, काकांची नजर बोर्डावरून खाली आली. कोशिंबिरीच्या वेळी आली होती तशीच.

ते चालत माझ्यापर्यंत आले. खिशातून लाल टॅग काढला आणि माझ्या शर्टाच्या बटणाला बांधला. गाठ नीट ओढून बघितली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “माल पास आहे. माणूस रिजेक्ट आहे. मालाला बोलू नका.”

मग मामांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. “मामा, तुमचा उपवास माझ्या हट्टापायी गेला. बोर्डाचं राहू द्या.”

बोर्डाचं राहू द्या, हे काका म्हणाले. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण कारखान्याची जमीन काँक्रीटची असते.

मामांनी काकांचे जोडलेले हात धरून खाली केले. मग त्यांनी फोन काढला.

“आक्का, घोटाळा झाला. भाजीत हिंग पडला.”

“तू टाकला?”

“नाय. एक शिकेल-सवरेल माणूस हाय.”

“समद्यांनी खाल्लं?”

“समद्यांनी.”

“जाणूनबुजून खाल्लं नाय ना? मग देवाला कळतंय. फळं खा आन् गप बसा.” जरा थांबून, “ती शलगमं कशी झालती?”

मामांनी काकांकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती; महाशिवरात्र होती. “चांगली झालती आक्का. म्या दोनदा घेतली.”

“मग ताटात हाय ती टाकू नका, अन्न हाय. आन् त्या हिंगवाल्याला उद्या सकाळपत्तोर निर्जळी धरायला लावा. समद्यांच्या वाटचा उपास त्यानंच करायचा.”

टाळ्या पडल्या. माझा निकाल लागला यासाठी, की ताटातलं खायची परवानगी मिळाली यासाठी, हे मी विचारलं नाही. मामांनी ताट परत जवळ ओढलं. काकांनी पहिल्यांदाच स्वतःला वाढून घेतलं. मावशीने पातेल्याचा तळ झाऱ्याने खरवडला आणि ते उलटं करून सगळ्यांना दाखवलं. रिकामं.

मी लाल टॅग लावून समोर बसलो होतो, पाण्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर काका उभे होते. हातात जुनी पितळी वाटी, वर फडकं. शलगम, आलं, जरासा गूळ. “सोड उपवास,” म्हणाले. मी तिथेच, वॉचमनच्या खुर्चीवर बसून, वाटी चाटूनपुसून खाल्ली. वाटीच्या काठावर गुरुमुखीत कोरलेली दोन अक्षरं होती. मला वाचता आली नाहीत. काकांनाही येत नव्हती. काकांनी माझा लाल टॅग सोडला आणि पिवळा बांधला.

“दुरुस्तीला वाव आहे,” ते म्हणाले.

कमिटीची मीटिंग झाली ती पाच मिनिटांची. अट पुरी झाली होती, हे मामांनी स्वतः मांडलं. पण उपवासाच्या चौकटीत मात्र ते शलगम येऊ देईनात. “हे ध्यान हितं सेक्रेटरी हाय तवर धोका नको.” काकांच्या निरोपाच्या दिवशी पेंट शॉपच्या पोराने सगळ्यांसमोर बोर्डावर लिहिलं: ‘गुरुवार: शलगम भाजी, हिंग घालून (उपवासाला चालत नाही).’

मला लाज वाटली. मी म्हटलं, काका, ते कंसातलं पुसून टाकू का? निदान आजच्या फोटोपुरतं?

“खबरदार,” काका म्हणाले. “ते स्पेसिफिकेशन आहे.” आणि शाल-नारळ काखेत धरून त्यांनी बोर्डाच्या खिळ्याला हिरवा टॅग लावला.

तो टॅग अजून आहे, फक्त आता पांढरा झालाय. मध्ये कॅन्टीनचा ठेकेदार बदलला, बोर्ड नव्याने रंगवला, तरी ती ओळ कंसासकट उतरवली गेली. गुरुवारी थंडीत शलगम होतं. मामा निवृत्तीपर्यंत दोनदा घ्यायचे. गाय आता कडब्यावर आहे.

माझा मात्र टॅग पिवळाच राहिला. गेल्या थंडीत मी ठरवलं, आता हिरवा घ्यायचाच. स्वतः भाजी केली. कोवळी शलगमं, पाला बारीक चिरून त्यातच, पाणी थेंबभर फेकलं नाही. डबा घेऊन देवळाली कॅम्पला गेलो. काका आता जरा वाकलेत, पण व्हर्निअर टेबलावर होता. त्यांनी एक फोड उचलून मोजली. मान हलवली. तोंडात टाकली, डोळे मिटले. आतून काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्यासाठी बटाट्याची भाजी तयार ठेवून.

“पाला घातलास,” काका म्हणाले.

“घातला.”

“पाणी ओतलं नाहीस.”

“नाही.”

“हिंग?”

मी अभिमानाने सांगितलं, “अजिबात नाही, काका. कानाला खडा.”

काकांनी डोळे उघडले. दुसरी फोड खाल्ली. बराच वेळ चावली. मग टेबलाचा खण ओढून त्यातून पिवळा टॅग काढला आणि माझ्या डब्याला बांधला.

“तेच कमी पडलंय,” म्हणाले.